दगडाखालचा बाप

युरोपातल्या थंड, खडकाळ ओढ्यांत आणि तळ्यांच्या काठाशी बुलहेड नावाचा बोटभर लांबीचा मासा राहतो. शास्त्रीय नाव कॉटस गोबिओ. जीवांच्या नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १७५८ साली दिलं. डोकं एवढं रुंद नि चपटं, की इंग्लंडात त्याला ‘मिलर्स थंब’, म्हणजे चक्कीवाल्याचा अंगठा म्हणतात. पीठ चिमटीत चोळून चोळून अंगठा असाच पसरट होतो, अशी तिथली समजूत.

बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे ते पाण्यात अधांतरी राहू शकतात. बुलहेडला ती नाहीच. पर, म्हणजे पोहायचे पंख, हलायचे थांबले की तो थेट तळाला बसतो. खळाळत्या पाण्यात हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडते. छातीजवळचे पंख्यासारखे पर तळाला टेकवून तो बसला, की प्रवाह त्याच्या चपट्या डोक्यावरून निघून जातो. अंगावर खवले नाहीत, रंग आसपासच्या दगडांचा. दिवसा दगडाखाली दडायचं आणि अंधार पडला की किड्यांच्या अळ्या टिपायच्या.

खरी गंमत वसंतात. नर एखाद्या दगडाखालची वाळू-खडी उकरून पोकळी करतो. मादी आत येते, उलटी होते आणि दगडाच्या खालच्या बाजूला, म्हणजे घराच्या छतालाच, पिवळसर अंड्यांचा पुंजका चिकटवून निघून जाते. मागोमाग दुसरी मादीही येते. राखण मात्र एकट्या नराची. तीन-चार आठवडे तो परांनी अंड्यांवर पाणी वारत राहतो. त्यामुळे अंड्यांना ताजा प्राणवायू मिळतो आणि गाळ साचत नाही. या काळात त्याला धड खायला मिळत नाही. कधी त्यातलीच काही अंडी तो खातो. क्रूर वाटेल, पण त्या बळावर उरलेल्यांची राखण चालू राहते.

एवढ्या चिवट माशाला अडवायला पाण्यातली वीतभर उंचीची पायरी पुरते. ट्राउट मासा ती सहज उडी मारून ओलांडतो, बुलहेडला उडी जमत नाही. पुराने खाली वाहून गेलेला मासा छोट्याशा बंधाऱ्यापाशी अडकतो. शेतांतून येणारा बारीक गाळ दगडांखालच्या पोकळ्या बुजवतो, ते नुकसान वेगळंच. युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशात, म्हणजे वन्यजीव आणि त्यांच्या वस्तीच्या जागा राखण्यासाठीच्या कायद्यात, या माशाचं नाव आहे. काही ठिकाणी बंधारे काढून तिथे दगडगोट्यांचा मंद उतार रचतात. मग एकेका दगडाच्या आडोशाने तो हळूहळू वर सरकतो.