शिंकेसरशी लघवी निसटते तेव्हा

खोकला आला, खळखळून हसू आलं, काही जड उचललं, की लघवीचे थेंब निसटतात. बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर असंख्य बायका हे वर्षानुवर्षं सोसतात आणि डॉक्टरांनाही सांगत नाहीत. हे वयाचं देणं समजून गप्प बसायची मुळीच गरज नाही, यावर उपचार आहेत.

खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर पडतो. त्याच क्षणी मूत्रमार्ग आवळला जावा लागतो. त्याला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावले, की तो नीट मिटत नाही.

म्हणून सुरुवात व्यायामापासून. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. वारा रोखून धरताना जे स्नायू आत-वर ओढले जातात, तेच आवळायचे. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पुष्कळ जणी आवळण्याऐवजी नकळत खाली जोर देतात, त्याने उलट त्रास वाढू शकतो. त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावंच. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेही गळती कमी होते.

एवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया. १९९०च्या दशकात उल्फ उल्मस्टेन आणि पीटर पेट्रोस यांनी मूत्रमार्गाखाली पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या जाळीची सेंटिमीटरभर रुंद पट्टी बसवण्याची पद्धत आणली. छोटा छेद, थोडक्या वेळाचं काम, बहुतेकींना चांगला गुण. पण पट्टी बसवताना मूत्राशयाला भोक पडू शकतं. ती जास्त ताणली गेली तर लघवी तुंबते आणि काही काळ नळी ठेवावी लागते. काहींना आधी नसलेली लघवीची घाई सुरू होते. जाळी योनीमार्गात उघडी पडणं, जांघेत किंवा संबंधाच्या वेळी दुखणं हे त्रास कधी कधी वर्षांनीही उद्भवतात.

खरी अडचण पुढेच आहे. पट्टी टिकावी म्हणून तिच्या छिद्रांतून शरीराच्या ऊती वाढतात, त्यामुळे ती बसवणं सोपं पण पूर्ण काढणं फार कठीण. त्रास झालेल्या बायकांनी आवाज उठवल्यावर ब्रिटनमध्ये २०१८ साली या शस्त्रक्रियांवर स्थगिती आली. अमेरिकेने २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावरच्या, योनीमार्गातून बसवायच्या जाळीची, या पट्टीची नव्हे. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

जाळी नको असेल तर पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचंच आवरण कापून त्याची पट्टी करता येते. छेद मोठा, बरं व्हायला वेळ जास्त, लघवी अडण्याचा धोकाही आहे. मूत्रमार्गाच्या भिंतीत फुगवटा आणणारी इंजेक्शनं सौम्य असतात, पण गुण ओसरला की पुन्हा घ्यावी लागतात. हे सगळे पर्याय डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीच समोर ठेवायला हवेत, आणि ठेवले नाहीत तर विचारावेत.

पट्टी बसवलेली असेल तर तिची नोंद जपून ठेवावी. दहा वर्षांनीही रक्त दिसलं, दुखू लागलं किंवा लघवीला वारंवार जंतुसंसर्ग झाला, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.