जावाची येझदी झाली, म्हैसूरचे कर्नाटक झाले

मामांच्या जावा मोटरसायकलीचे आरसी बुक बेळगावात अनगोळच्या घरात कपाटात अजून आहे. गाडी केव्हाच गेली, बुक मात्र कुणी टाकले नाही. त्यावर राज्याचे नाव म्हैसूर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडले, त्याच्या निषेधाच्या सायकल फेरीत मामा न चुकता काळी फीत लावून जायचे. फेरी संपली की घरी येऊन म्हैसुरातच बनलेल्या त्या फटफटीला किक मारायची आणि निपाणीला पाहुण्यांकडे निघायचे. यात काही विसंगत आहे असे त्यांना कधी वाटले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता जावा, येझदी, बीएसए ही नावे शोरूमच्या पाट्यांवर परत आली आहेत. घरातली पोरे विचारतात, एवढ्या नामांकित कंपन्या होत्या तर बंद कशा पडल्या?

या बहुतेक घराण्यांचे मूळ शोधत गेले की बंदुकीशी येऊन थांबते. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदूक कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी. एन्फिल्डची कथा त्याहून मजेशीर. इंग्लंडमधले रेडिच हे सुयांचे गाव. तिथल्या एका सुयांच्या कारखान्याने पुढे सायकली करायला घेतल्या. मग एन्फिल्ड इथल्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचे काम मिळाले आणि त्या कामाच्या अभिमानातून सायकलीला नाव पडले रॉयल एन्फिल्ड. बोधचिन्हात तोफ आली. १९०१ मध्ये त्यांची पहिली मोटरसायकल निघाली. जावाचा संस्थापक फ्रांटिशेक यानेचेक हाही प्रागचा शस्त्रे बनवणारा. १९२९ मध्ये त्याने जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलीचे काम विकत घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ केले. नळी आतून तासायची, ती बंदुकीची असो की सिलिंडरची, हात तोच लागतो.

बुलेट हे नाव १९३२ चे. आपल्याकडे ती आली ती सरकारमार्फत. स्वातंत्र्यानंतर सीमेवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती, म्हणून ३५० सीसीची बुलेट निवडली गेली आणि लष्करासाठी ८०० गाड्यांची मागणी नोंदवली. एवढ्या गाड्या इंग्लंडहून मागवत बसण्यापेक्षा इथेच जोडाव्यात, म्हणून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. काही वर्षांत सुटे भागही इथेच होऊ लागले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या लहानपणी कॅम्पात हिरव्या बुलेट दिसायच्या आणि त्या लांबून ओळखू यायच्या. ७० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आणि ९० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. पिस्टनला लांब पल्ला, म्हणून तो सावकाश, मोजून पडणारा ठोका.

जुनी बुलेट चालू करणे हा एक विधीच असे. आधी अँपिअरच्या काट्याकडे बघत किक हळूहळू दाबायची, काटा मध्यावर आला की सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, खटका सोडायचा आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. चुकले तर ती किक उलटी येई. पोटरीवर खूण असलेले दोघेतिघे तरी प्रत्येक गल्लीत होते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ज्याचा पाय बुलेटवर बसला, तो दुसऱ्या गाडीवर हमखास गोंधळायचा.

जावाला असले नखरे नव्हते. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसुरात आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर तिथे गाड्या बनू लागल्या. टू-स्ट्रोक, २५० सीसी, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या अंगाला. दांडा आत दाबून फिरवला की किक, गाडी चालू झाली की पुढे आणून सोडला की गिअर. शिवाय गिअर बदलताना क्लच आपोआप सुटायचा. मामा एका हातात छत्री धरून गाडी हाकायचे ते याच जोरावर, असे ते सांगतात. छत्रीचे मी मानत नाही.

१९७३ मध्ये या गाडीच्या टाकीवर जावाच्या जागी येझदी आले; इराणातल्या यझ्द शहरावरून हे नाव. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. आणि तेच वर्ष इंग्लंडमध्ये बीएसएचे शेवटचे ठरले. ती नॉर्टन विलियर्स ट्रायम्फ नावाच्या नव्या कंपनीत विरून गेली. त्याआधीच १९६९ मध्ये जपानच्या होंडाने चार सिलिंडरची, बटणावर चालू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली सीबी ७५० बाजारात आणली होती. इंग्रजी गाड्यांखाली तेव्हाही तेलाचे डाग पडत होते. रेडिचचा कारखाना तर १९६७ मध्येच बंद झाला होता. मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली आणि १९७७ पासून उलट इंग्लंडला जाऊ लागली.

ती टिकली ती केवळ गुणांवर, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परदेशी गाडीला दारे बंद होती, परवाने मोजक्यांना होते. गिऱ्हाइकासमोर बुलेट, येझदी आणि एस्कॉर्ट्सची पोलिश वळणाची राजदूत, एवढीच निवड. राजदूतला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकत. बाकी तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

१९८० नंतर दार किलकिले झाले. इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा यांच्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. पेट्रोल कमी पितात, हलक्या किकला चालू होतात, एवढे पुरे झाले. एन्फिल्डही डबघाईला आली. १९९४ मध्ये आयशरमध्ये विलीन होऊन सावरली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला.

कारखाना बंद झाला तरी गाड्या रस्त्यावर होत्या. इथे बेळगावचा स्वतःचा वाटा येतो. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथ भरपूर, धातूकाम जाणणारे हात त्याहून भरपूर. येझदीचा बुश मिळत नाही? जुना घेऊन या, मापाचा करून देतो. सिलिंडर झिजला? बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन. एका मेस्त्रींनी आमच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलला आणि जोडताना एक स्प्रिंग उरली. ‘ती जास्तीचीच होती,’ म्हणाले. पुढे महिनाभर दुसरा गिअर पडत नव्हता.

नंतरचा इतिहास नावांच्या खरेदीचा. महिंद्राच्या गटातल्या क्लासिक लेजेंड्सने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी बाजारात आणली, बीएसएही परत आणली. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फच्या छोट्या गाड्या आता चाकणला बजाजकडे बनतात. येझदी हे नाव नेमके कुणाचे, यावर कर्नाटक उच्च न्यायालयात खटला झाला. नावावरून आणि हद्दीवरून कोर्टात जाणे आम्हा बेळगावकरांना काही नवे नाही. महाराष्ट्राने लावलेला आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि मध्येच २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचे सरकारी नावही बदलून बेळगावी झाले.

मामेभावाच्या मुलाने नवी जावा घेतली, नंबर बेळगावचा, केए २२ चा. ऐंशी ओलांडलेले मामा हट्टाने तिच्यावर बसले आणि डाव्या पायाने किक चाचपू लागले. किक नव्हतीच.

‘बनते कुठं ही?’ त्यांनी विचारले.

‘पिथमपूरला आजोबा, मध्य प्रदेशात.’

मामा हँडल धरून थोडा वेळ गप्प बसले. ‘म्हणजे आता म्हैसूरची बी न्हवं?’