गृहीतक: शोधनिबंधातलं आणि विज्ञानकथेतलं

खगोलभौतिकीतला छोटा संशोधन प्रकल्प आणि सोबत विज्ञानकथा, ही जोडी आता सोळा-सतराव्या वर्षीही जमण्यासारखी आहे. केप्लर आणि टेस या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतात; कथेला तर तेवढंही लागत नाही. दोन्ही कामं ‘असं असलं तर?’ या प्रश्नापासून सुरू होतात, म्हणूनच एकातली सवय नकळत दुसऱ्यात शिरते. संशोधनातलं गृहीतक मोडून बघण्यासाठी मांडतात, कथेतलं पाळण्यासाठी.

ट्रॅपिस्ट-१ ई हा ग्रह घेऊ. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या एका लहानशा तांबूस ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यांतला हा आतून चौथा. आकाराने पृथ्वीहून किंचित लहान, वर्ष ६.१ दिवसांचं. हे कळलं ताऱ्याच्या उजेडात ठरावीक काळाने येणाऱ्या बारीकशा घटीवरून. ग्रह समोरून जातो तेवढा वेळ तारा जरासा मंद दिसतो.

आता समजा, प्रकल्प करणाऱ्या मुलीला दुसऱ्याच एखाद्या ताऱ्याच्या उजेडाच्या आलेखात अशी घट सापडली. ‘इथे ग्रह आहे’ हे तिचं गृहीतक, आणि पुढचं सगळं काम ते पाडून बघण्याचं. मागे कुठेतरी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी तर नाही? ती हुबेहूब ग्रहासारखी घट दाखवू शकते. एकाआड एक घटींची खोली वेगळी भरते का? घटीच्या वेळी प्रकाशाचं केंद्र प्रतिमेत जागचं हलतं का? की दुर्बिणीचाच काही दोष? यातलं एखादं खरं निघालं की बहुधा ग्रह गेला. मग ‘ग्रह नाही’ असं स्वच्छ लिहून टाकायचं. त्या वयात हेच सगळ्यात जड जातं, असं मला वाटतं.

कथेत उलट. ट्रॅपिस्ट-१ ई ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, असा अंदाज आहे. निबंधात ‘असावी’च लिहावं लागतं. कथालेखिकेने ‘आहे’ म्हणून टाकावं, कुणी पुरावा मागत नाही. पण एकदा म्हटलं की सुटका नाही. तिथला तारा आकाशात एकाच जागी खिळलेला, म्हणून सकाळ नाही आणि संध्याकाळही नाही. ‘उद्या उजाडलं की निघू’ असं कुठलंही पात्र बोलू शकत नाही. आपल्या मोजणीने सोळा वर्षांची नायिका तिथल्या वर्षांत साडेनऊशेच्या पुढे गेलेली, तेव्हा वय मोजायची रीतच वेगळी हवी. शेजारचे ग्रह अधूनमधून आपल्या चंद्राहून मोठे दिसणार. असं सगळं उभं करून दहाव्या पानावर कुणी सूर्यास्त बघत बसलं, तर वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

अदलाबदल झाली की दोन्हीकडे नुकसान होतं, पण सारखं नाही. कथेत ‘कदाचित’ आणि ‘संशोधकांच्या मते’ घुसलं तर फार तर कथा कंटाळवाणी होते. कथाकाराची निष्ठा संशोधनात आली, तर नको ते बिंदू आलेखातून गाळले जातात, आणि ते महागात पडतं. मोठ्यांनाही हा मोह सुटत नाही. फ्रेड हॉइल हे खगोलभौतिकीतले दिग्गज, विज्ञानकथाही लिहीत. १९४८ पासून ते स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडत होते, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींच्या वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे तापलेल्या आरंभीच्या विश्वातून उरलेल्या, सगळीकडून येणाऱ्या प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला; हॉइल मात्र त्यात दुरुस्त्या करत राहिले.

कथेतलं गृहीतक संशोधनात नेताच येत नाही, असं मात्र नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीतल्या नायिकेला झटपट दूरच्या ताऱ्यापर्यंत पोचवायचं होतं आणि त्यांनी त्यासाठी कृष्णविवराची वाट धरली होती. १९८५ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. थॉर्न म्हणाले, ते जमणार नाही, कृमिविवर वापरा, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा कल्पित बोगदा. कादंबरीचं काम तिथे भागलं. थॉर्न यांनी मात्र मायकेल मॉरिस या विद्यार्थ्यासोबत १९८८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. कृमिविवरं असतात, असा दावा त्यात नाही. ते विवर प्रवासापुरतं उघडं राहायचं तर काय लागेल, एवढंच त्यात तपासलं आहे. आणि उत्तर आलं, ज्याची ऊर्जाघनता (ठरावीक जागेत मावणारी ऊर्जा) ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी भरू शकेल असं विलक्षण द्रव्य.