बॉबला सांभाळणार कोण? सेंट्री आणि डार्क अ‍ॅव्हेंजर्सच्या मागची सगळी गोष्ट

२०२५ च्या मे महिन्यात मार्व्हलचा ‘थंडरबोल्ट्स’ हा पिक्चर आला आणि तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी जणांनी मला एकच प्रश्न विचारला, हा बॉब नक्की कोण? पिक्चरमध्ये ढगळ कपड्यातला, खाली मान घालून बोलणारा एक पोरगा अचानक सुपरमॅनपेक्षा भारी निघतो आणि मग त्याच्याच आतून ती काळी सावली बाहेर येऊन अख्खं न्यूयॉर्क गिळायला लागते, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकणारच. पण या पोराच्या, म्हणजे कॉमिक्समधल्या सेंट्रीच्या, मागे पंचवीस वर्षांची कॉमिक्स आहेत, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा म्हणजे २००९-१० मधली डार्क अ‍ॅव्हेंजर्स ही टीम, जी नावाला अ‍ॅव्हेंजर्स होती आणि आतून खुनी लोकांनी भरलेली होती. ती टीम माहीत नसेल तर बॉब कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात सप्टेंबर २००० पासून करायची. लेखक पॉल जेंकिन्स, चित्रकार जे ली, मार्व्हल नाइट्स या लेबलखाली पाच अंकांची छोटी मालिका. पण ती बाजारात आली तीच एक मोठी थाप घेऊन. मार्व्हलने पसरवलं की सेंट्री हे साठच्या दशकातलं, फॅन्टॅस्टिक फोरच्याही आधीचं, स्टॅन लीने आर्टी रोझन नावाच्या चित्रकारासोबत बनवलेलं आणि नंतर सगळेच विसरून गेलेलं पात्र आहे. विझार्ड हे कॉमिक्सचं मासिक या प्रकारात सामील, खुद्द स्टॅन लीसुद्धा सामील. आर्टी रोझन नावाचा माणूस मुळात नव्हताच, आर्टी सिमेक आणि सॅम रोझन या दोन जुन्या लेटररांच्या (कॉमिकमधले संवाद हाताने लिहिणाऱ्यांच्या) नावांची जोडणी करून ते नाव तयार केलं होतं. ही फक्त जाहिरातीची शक्कल नव्हती हे लक्षात घ्या, कारण मालिकेची गोष्टही तीच आहे, एक हिरो ज्याला अख्खं जग विसरलंय.

पहिल्या अंकात बॉब रेनॉल्ड्स हा मध्यमवयीन, पोट सुटलेला साधा माणूस वादळी रात्री झोपेतून उठतो आणि त्याला आठवतं की आपण सेंट्री होतो, दहा लाख फुटणाऱ्या सूर्यांची ताकद असलेला. आणि आपला जुना शत्रू व्हॉइड परत येतोय. मग तो एकेकाला जाऊन भेटतो. फॅन्टॅस्टिक फोरच्या रीड रिचर्ड्सला हळूहळू आठवायला लागतं की हा आपला जिवलग मित्र होता. पीटर पार्करला आठवतं की सेंट्रीच्या फोटोसाठी आपल्याला पुलित्झर मिळालं होतं. हल्कच्या मनात तर ‘गोल्डन मॅन’बद्दल इतकी माया असते की वाचताना गलबलून येतं, कारण हल्कला इतक्या प्रेमाने वागवणारं दुसरं होतंच कोण. आणि शेवटी कळतं की जगाने बॉबला विसरावं ही व्यवस्था बॉबच्याच संमतीने झालेली, कारण व्हॉइड हा कुणी बाहेरचा राक्षस नाहीच, तो बॉबच आहे. सेंट्री जितकं चांगलं करणार तितकंच वाईट व्हॉइड करणार. मग तो पुन्हा एकदा सगळ्यांना, स्वतःलाही, विसरायला लावतो.

खरं तर गोष्ट इथेच संपलेली होती. जेंकिन्सने आजारी माणसाबद्दल लिहिलं होतं, हत्याराबद्दल नाही, आणि मला अजूनही वाटतं की सेंट्रीचं सगळ्यात प्रामाणिक लिखाण तेच आहे.

पण २००५ मध्ये लेखक ब्रायन मायकल बेंडिसने न्यू अ‍ॅव्हेंजर्स सुरू केलं आणि त्याला बॉब हवा होता. राफ्ट नावाच्या तुरुंगात खालच्या मजल्यावर बॉब स्वतःहून बसलाय, म्हणतो मी माझ्या बायकोचा खून केलाय, आणि बायको लिंडी तर जिवंत आहे. इलेक्ट्रो नावाचा व्हिलन तुरुंग फोडतो, सगळे व्हिलन सुटतात, आणि त्या गोंधळात बॉब उठतो, कार्नेजला उचलतो, सरळ वातावरणाच्या बाहेर नेतो आणि त्याचे दोन तुकडे करतो. तेव्हा वाचकांनी टाळ्या वाजवल्या, मीही खूश झालो होतो, कारण कार्नेज म्हणजे शेकडो खून केलेला माणूस, त्याच्यासाठी कोण रडणार. तो पॅनल लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. त्याच मालिकेत पुढे एक भारी वळण होतं, पॉल जेंकिन्स हा लेखक स्वतः पात्र म्हणून गोष्टीत येतो आणि कळतं की मास्टरमाइंड नावाच्या व्हिलनने बॉबच्या डोक्यात घुसून सगळी उलथापालथ करून ठेवली होती. मनं वाचू शकणारी एमा फ्रॉस्ट त्याला त्यातून थोडंफार बाहेर काढते. थोडंफारच. नंतरच्या अंकांमध्ये हा जगातला सगळ्यात ताकदवान माणूस घराबाहेर पडायला घाबरतो, कुठे जावं कुणाला वाचवावं हे ठरवायला त्याला क्लॉक नावाच्या कॉम्प्युटरची मदत लागते. टोनी स्टार्कसारखी चांगली माणसंसुद्धा त्याला उपचार कमी आणि कामं जास्त देत होती, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. वाईट टीमने काही नवीन सुरू केलं नाही, आधीचंच उघड उघड केलं.

आता नॉर्मन ऑसबॉर्न. ग्रीन गॉब्लिन, १९७३ मध्ये स्पायडरमॅनच्या प्रेयसीचा, ग्वेन स्टेसीचा, जीव घेणारा. हा माणूस सरकारी खुर्चीत कसा बसला याचं उत्तर २००७ मध्ये आहे. सिव्हिल वॉर या हिरोंच्या आपसातल्या युद्धाच्या कथेनंतर लेखक वॉरन एलिस आणि चित्रकार माइक डिओडाटो यांनी थंडरबोल्ट्स ही मालिका हातात घेतली. मूळ थंडरबोल्ट्स १९९७ चे, कर्ट ब्युसीक आणि मार्क बॅगली यांचे, ज्यात व्हिलनच हिरोचं सोंग घेतात आणि त्यातल्या काहींना सोंग आवडायला लागतं, गोड कल्पना होती. एलिसने ती कडू केली. ऑसबॉर्न डायरेक्टर, टीममध्ये बुल्सआय, व्हेनम, मूनस्टोन, आणि पेनन्स. हा पेनन्स म्हणजे पूर्वीचा हसरा स्पीडबॉल, रॉबी बाल्डविन, स्टॅमफर्डच्या स्फोटात ६१२ माणसं मेली त्याचा भार घेऊन जगणारा पोरगा, ज्याने अंगात घालायच्या सूटला आतून ६१२ खिळे लावून घेतलेत आणि दुखलं की त्याची शक्ती चालते. आणि ही सरकारमान्य टीम त्याला तसाच वापरते. मला विचाराल तर सेंट्रीसोबत पुढे जे झालं त्याची ही रंगीत तालीमच होती, ऑसबॉर्न इथेच शिकला की मोडलेल्या माणसाला दुरुस्त करण्यापेक्षा मोडलेला ठेवणं फायद्याचं असतं.

२००८ च्या सिक्रेट इन्व्हेजन या परग्रहवासीयांच्या हल्ल्याच्या कथेत टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्यांच्या, म्हणजे स्क्रल लोकांच्या, राणीला शेवटची गोळी घालतो तो ऑसबॉर्न. झालं, रातोरात देशाचा हिरो. शील्ड ही सरकारी सुरक्षा संस्था बंद, त्या जागी त्याचं हॅमर. आणि २००९ च्या सुरुवातीला डार्क अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक, बेंडिस आणि पुन्हा डिओडाटो, एकूण सोळा अंक. सोंग असं की मूनस्टोन झाली मिस मार्व्हल, बुल्सआय झाला हॉकआय, वुल्व्हरिनचा मुलगा डाकेन झाला वुल्व्हरिन, मॅक गार्गनचा व्हेनम झाला स्पायडरमॅन, आणि ऑसबॉर्न स्वतः लाल-पांढऱ्या-निळ्या चिलखतात आयर्न पेट्रियट. इंद्रजालमधल्या वेताळावर वाढलेल्या आपल्या लोकांना मुखवटा म्हणजे वचन वाटतं, पिढ्यानपिढ्या पाळलेलं, इथे मुखवटा म्हणजे चोरीचा माल. सगळ्या टीममध्ये खरं नाव आणि खरा चेहरा घेऊन आलेले दोघंच, युद्धदेव एरीस आणि सेंट्री. (नोह-वार नावाचा परग्रहावरचा योद्धाही होता, पण आपण कुणासोबत काम करतोय हे कळल्यावर तो लवकरच निघून गेला.)

ऑसबॉर्नने बॉबला कसं धरून ठेवलं ते बघण्यासारखं आहे. धमकी नाही, साखळी नाही. तो त्याच्यासमोर बसतो आणि म्हणतो की माझ्याही आत एक आहे, मला माहितीये कसं वाटतं ते, आणि व्हॉइड वगैरे काही नाहीच, ते तुझ्या मनाचे खेळ आहेत. वर्षानुवर्षं सगळे ज्याला घाबरून वागवतात त्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच म्हणतंय की तू एकटा नाहीस. तो मऊ पडणारच ना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑसबॉर्न आपल्या आतल्या गॉब्लिनबद्दल खरं बोलतोय, फक्त ते खरं तो आमिष म्हणून वापरतोय. मी ते संभाषण तीन-चार वेळा वाचलं, दरवेळी आधी बरं वाटतं आणि मग पोटात कालवतं.

टीमचं रोजचं चालणं म्हणजे नुसतं तोल सांभाळणं. मॉर्गन ल फे नावाची चेटकीण बॉबला ठार करते, आणि थोड्या वेळाने तो परत उभा, कसा ते कुणाला कळत नाही, त्यालाही नाही. ही गोष्ट टीममधल्या बाकीच्यांना हादरवते, म्हणजे बुल्सआयसारखा माणूससुद्धा, जो दुसऱ्यांचा जीव घेऊन जगतो तो या माणसाच्या आसपास जपून वागायला लागतो. तेराव्या अंकात बेंडिसने बॉबचा भूतकाळही बदलला, आधी तो प्रोफेसरचं औषध पिणारा शाळकरी मुलगा होता, आता तो नशेच्या शोधात लॅबमध्ये घुसलेला व्यसनी निघाला. व्यसनाचा भाग मला पटला, पिक्चरनेही तोच धागा उचललाय. पण व्हॉइडचा संबंध थेट बायबलमधल्या मृत्यूच्या दूताशी जोडायचा जो इशारा त्यात आहे तो मला अजिबात आवडला नाही, कारण त्याने आजारी माणूस बाजूला पडतो आणि दैवी शाप पुढे येतो.

या सगळ्यात लिंडीकडे कुणाचं लक्ष नसतं. ती टीमच्याच टॉवरमध्ये राहते, नवऱ्याला घाबरते आणि तरी त्याच्याजवळ थांबते, बॉबमधला बॉब ओळखणारी ती एकच उरलीये. म्हणजेच ऑसबॉर्नच्या हिशेबात अडचण. तो बुल्सआयला सांगतो, बुल्सआय तिला हेलिकॉप्टरमधून घेऊन जातो, गळा दाबतो आणि समुद्रात टाकून देतो. बॉबला सांगितलं जातं की तिनेच जीव दिला. कॉमिकमध्ये शहरं उद्ध्वस्त होतात त्याचं इतकं काही वाटत नाही, पण ही चार पानं मी पुन्हा उघडू शकलेलो नाही.

मग २०१० चं सीज, बेंडिस आणि ऑलिव्हिए कोइपेल, चारच अंक. थॉरच्या देवांचं शहर अस्गार्ड तेव्हा ओक्लाहोमातल्या ब्रॉक्स्टन गावावर तरंगत होतं. ऑसबॉर्नला ते नको होतं, म्हणून शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर थॉरचा मित्र व्हॉल्स्टॅगला अडकवून हजारो माणसं मरतील असा प्रसंग घडवून आणला आणि राष्ट्राध्यक्षांनी नाही म्हटलं तरी हल्ला केला. एरीसला त्याने थाप मारूनच सोबत घेतलेलं, आणि एरीसने आधीच बजावलं होतं की फसवलंस तर मुंडकं उडवीन. खरं कळल्यावर तो वळतो. आणि ऑसबॉर्न बॉबला पुढे करतो. दुसऱ्या अंकात ते भलंमोठं चित्र आहे, सेंट्री एरीसला दोन्ही बाजूंनी धरून मधोमध फाडतो, आतडी हवेत. कार्नेजसोबत केलं होतं तेच, तसंच. फरक एवढाच की आता समोर आपल्या टीमचा माणूस आहे, घरी लहान मुलगा असलेला बाप. पाच वर्षांपूर्वी ज्याला आपण टाळ्या वाजवल्या त्याचीच ही पुढची पायरी, हे मला तेव्हा कळलं आणि लाज वाटली.

तिसऱ्या अंकात सेंट्री अस्गार्ड खाली पाडतो. ऑसबॉर्नचं चिलखत बंद पडतं, हेल्मेट निघतं आणि आत त्याने स्वतःचा चेहरा गॉब्लिनसारखा हिरवा रंगवलेला असतो, म्हणजे बॉबला ‘मनाचे खेळ’ म्हणणारा हा माणूस आत काय घेऊन फिरत होता बघा. तरीही तो ओरडतो की याला मीच आवरून धरलं होतं, आता सगळे मेलात. पण आवरून धरणारी तर लिंडी होती, आणि तिला यानेच मारलं.

चौथ्या अंकात व्हॉइड पूर्ण बाहेर येतो, लोकी मरतो, टोनी व्हॉइडवर अख्खं हेलिकॅरियर, म्हणजे उडणारं लढाऊ जहाज, आदळतो. धुरातून पुन्हा बॉब दिसतो, क्षणभर माणूस, आणि तो विनवतो की मला मारून टाका. थॉर नको म्हणतो. मग व्हॉइड पुन्हा डोकं वर काढतो आणि थॉर वीज पाडतो. त्यानंतर तो ते शरीर आपल्या लाल झग्यात गुंडाळतो आणि सूर्यात सोडून येतो. इतक्या गदारोळात त्याच्यासाठी एवढं हळुवार काही करणारा तो एकटाच.

पुढचं थोडक्यात. काही वर्षांनी मेलेला बॉब परत उठवून एका टोळीचा शिपाई म्हणून वापरला गेला, २०१८ मध्ये जेफ लेमिरने त्याच्यावर एक चांगली शांत मालिका लिहिली, जरूर वाचा, आणि २०२० च्या शेवटी किंग इन ब्लॅकच्या पहिल्याच अंकात नल नावाच्या देवाने त्याला तसंच दोन तुकडे करून संपवलं जसं त्याने कार्नेजला केलं होतं.

पिक्चरमध्ये ऑसबॉर्न नाही, त्याच्या जागी व्हॅलेंटिना आहे, ज्युलिया लुई-ड्रायफसने केलेली, आणि तिचं बोलणंही तसंच, आधी आपुलकी मग आज्ञा. लुईस पुलमनचा बॉब मात्र वेगळ्या लोकांच्या हाती लागतो. शेवटी त्या टीममधली येलेना त्या काळोखात स्वतः चालत जाते, बॉब आत आपल्याच सावलीला ठोसे मारत असतो, जितकं मारतो तितकी ती त्याला गिळत जाते, आणि ती मागून जाऊन त्याला घट्ट धरते, मग एकेक करून बाकीचे येतात आणि सगळे मिळून त्याला धरून ठेवतात. थिएटरमध्ये माझ्या शेजारचा मुलगा, साधारण चौदा-पंधराचा, तेव्हा डोळे पुसत होता आणि त्याला सेंट्री कोण, सीज काय, काहीच माहीत नव्हतं.