कूपर चाचणी

सपाट मार्गावर १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर धावता येते, यावरून एरोबिक क्षमता, म्हणजे रोजच्या बोलण्यातला दमसास, अजमावण्याची मैदानी चाचणी. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ एच. कूपर यांनी ती १९६८ साली प्रसिद्ध केली. ४०० मीटरचा ट्रॅक आणि एक घड्याळ एवढ्यावर ती होते. आपली प्रगती तपासू पाहणाऱ्या हौशी धावपटूला याहून स्वस्त साधन मिळणे कठीण.

एरोबिक क्षमतेचे प्रचलित माप म्हणजे कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता : पूर्ण जोर लावल्यावर शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात धावणाऱ्यांवर प्रयोग करून ही कल्पना रुजवली. ही क्षमता थेट मोजायची तर ट्रेडमिल, तोंडावर मुखवटा आणि वायूंचे पृथक्करण करणारे यंत्र लागते. शेकडो सैनिकांची अशी तपासणी व्यवहार्य नव्हती. संशोधक ब्रूनो बाल्के यांनी १५ मिनिटांच्या धावेचा पर्याय आधी सुचवला होता, कूपर यांनी वेळ १२ मिनिटांवर आणली. हवाई दलातील ११५ पुरुषांच्या नोंदींत धावलेले अंतर आणि ट्रेडमिलवरचे माप यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) ०.८९७ इतका भरला.

मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून बाकीला ४४.७३ ने भागले की अंदाजे क्षमता मिळते. सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर धावणाऱ्याची ती सुमारे ४२.४ येते. अंतर १०० मीटरने वाढले की आकडा साधारण २.२ ने वर सरकतो.

हा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. सूत्र सैनिकी पुरुषांवरून बांधलेले आहे आणि अंतर केवळ ऑक्सिजनवर ठरत नाही. धावण्याची लकब आणि शेवटपर्यंत जोर लावण्याची तयारीही त्यात मिसळलेली असते. खरा उपयोग स्वतःच्याच दोन चाचण्या शेजारी ठेवण्यात आहे. त्यातही पहिली चाचणी रंगीत तालीम समजावी. नवखा धावपटू पहिली फेरी पावणेदोन मिनिटांत मारतो आणि चौथ्या फेरीला त्याची धाप आवरत नाही. पुढच्या खेपेला तो नुसता दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या धरून धावला तरी अंतर वाढते, आणि ही वाढ दमसासाची नसते.

हवेचा परिणामही मोठा. उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते. डिसेंबरमधली पुण्याची पहाट आणि मे महिन्यातली मुंबई यांतील आकड्यांची तुलना म्हणूनच दिशाभूल करते. ट्रॅक तोच, वेळ तीच, आदल्या दिवशी विश्रांती, आणि दोन चाचण्यांत किमान सहा ते आठ आठवड्यांचे अंतर, एवढे पथ्य पाळावे.

मधल्या काळात नाडी पाहावी. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या सावकाश वेगाने पाच किलोमीटर धावून हृदयाच्या ठोक्यांची सरासरी टिपत गेले, तर नियमित सरावाने ती काही महिन्यांत उतरू लागते. रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलते, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. १२ मिनिटांचे अंतर जागीच अडकलेले असतानाही ही घसरण चालू राहू शकते. निराश होऊन सराव सोडू पाहणाऱ्याने हे जरूर तपासावे. मनगटी घड्याळातील प्रकाश-संवेदक कधीकधी पावलांची लय हीच नाडी समजतो आणि आरामाच्या धावेतही १७० दाखवतो. छातीवरचा पट्टा अधिक भरवशाचा. घड्याळ दाखवते ती ऑक्सिजन क्षमता हा वेग आणि नाडी यांवरून बांधलेला अंदाज असतो. कमाल नाडी ‘२२० वजा वय’ अशी सरधोपट भरलेली असेल, तर तोही चुकतो.

सैन्यदलांखेरीज फुटबॉल पंचांच्या निवडीतही ही चाचणी दीर्घकाळ वापरली गेली. महाराष्ट्रातील पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, पण तिथे अंतर ठरलेले असते आणि वेळेनुसार गुण मिळतात. कूपर चाचणीत धावणारा अगदी कमाल जोर लावतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी, तसेच चाळिशीनंतर नव्याने धावू लागलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती करू नये. छातीत कळ किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे.