शिंदळ माकुडीचा पत्ता

सह्याद्रीत एखाद्या दुर्मिळ वनस्पतीची ‘नवी नोंद’ झाल्याची बातमी अधूनमधून येते. झाड काही त्या कड्यावर नव्याने उगवलेलं नसतं. ते ओळखणारा माणूस तिथे पहिल्यांदा पोचलेला असतो, एवढंच.

शिंदळ माकुडीचंच पाहा. जुन्नरजवळच्या हिवरे इथली ही वनस्पती मुंबई इलाख्यातले वनाधिकारी डॅलझेल यांनी 1860च्या दशकात जगापुढे आणली आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं ती जुन्नरचीच समजली गेली. पृथ्वीवरच्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींमध्येही तिचं नाव घेतलं जाई. मग शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशी एकेक जागा कळत गेली.

इतका उशीर का झाला, ते तिच्याजवळ गेल्यावर कळतं. उभ्या कातळाच्या फटीतून तिच्या मांसल फांद्या खाली लोंबतात. पावसाळा उतरणीला लागला की त्यांवर किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं येतात. उन्हाळ्यात पानं गळून जातात आणि उरते ती सुरकुतलेली काडी. म्हणजे ती दिसते नेमकी कडा निसरडा असतो तेव्हाच.

दुसरं कारण जुन्या कागदांत आहे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (1901 ते 1908) खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर ही गावं पुन्हा पुन्हा भेटतात. जिथे रस्ता, रेल्वे आणि बंगला, तिथली झाडं गोळा झाली. त्याआधीच्या स्टॉक्स आणि लॉ या संग्राहकांच्या वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांवर तर कितीदा नुसतं ‘मलबार, कोकण’ एवढंच छापलेलं असे. एवढ्या पत्त्यावर झाड पुन्हा शोधायचं कसं? 1955मध्ये पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय सुरू झालं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातूनही अभ्यासक गडकिल्ले चढू लागले, तेव्हा कुठे गावाचं नाव, उंची, फुलोऱ्याचा महिना अशा नेमक्या नोंदी साचत गेल्या.

आज उपग्रहामुळे झाडाची जागा काही मीटरपर्यंत सांगता येते. पण हौसेखातर मुळासकट उपटून नेणारेही त्याच पत्त्यावर पोचतात. म्हणून काही अभ्यासक तालुक्याचं नाव लिहून थांबतात, कडा सांगत नाहीत. ते बरोबरच करतात, असं मला वाटतं.