ताप गेलाय की औषधाने दबलाय? मुलाला शाळेत पाठवण्याआधी हे वाचा

सकाळची शाळा, रिक्षावाले काका दारात आणि मुलाचं अंग गरम. अशा वेळी पॅरासिटामॉल पाजून डबा हातात दिला जातो. हे औषध ताप चार ते सहा तास खाली ठेवतं, आजार बरा करत नाही. साडेसहाला दिलेल्या औषधाचा जोर अकराच्या सुमारास ओसरतो आणि शाळेतून फोन येतो. तोवर शेजारच्या बाकालाही प्रसाद मिळालेला असतो.

म्हणून तापाचं औषध न देता सलग 24 तास ताप आला नाही, तरच शाळा. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. काखेत मोजलं तर आकडा अर्धा ते एक अंशाने कमी दिसतो, त्यामुळे तिथे 99.5 आला तरी थांबा आणि तासाभराने पुन्हा पाहा. काख आधी पुसून घ्या; घाम असला की आकडा चुकतो.

सगळ्यात जास्त घोळ सिरपच्या बाटलीचा. 5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला 250 च्या बाटलीतून 4 ते 6 मिली. दिवसात चार डोसांपेक्षा जास्त नाही. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचा मापाचा कपच वापरा.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नाशकात डेंगीचे रुग्ण असतात, तेव्हा एक गोष्ट वेगळी. डेंगीत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि धोका नेमका त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, गरज पडल्यास 108 ला फोन करा. डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मागू नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

उलट्या-जुलाब थांबल्यावर किमान 24 तास घरी, 48 झाले तर उत्तम. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवायचं. ग्लासभर पाण्यात थोडं थोडं टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत शाळा बंद. डोळे आले असतील तर डॉक्टरांना दाखवा, घरात उरलेले जुने ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं.

नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, मूल खातंय-खेळतंय, तर खुशाल पाठवा. उवांसाठी तर सुट्टीची गरजच नाही.

औषधाच्या दुकानात येताना मुलाचं वजन आणि घरातल्या बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत आणा.